दुकानातला टीव्ही कधी बदलायचा? वर्षं मोजू नका, तास मोजा!



लालबागहून एका ताईंचा फोन आला. चिवडा गल्लीपासून चार पावलांवर त्यांचं छोटं नाश्ता केंद्र आहे. मिसळ, साबुदाणा वडा, थालीपीठ. भिंतीवर ४३ इंची टीव्ही, त्यावर सकाळी ८ ते रात्री १० मेनू आणि दर. "सर, टीव्ही बंद पडला. पाचच वर्षं झाली हो! गणपती तीन आठवड्यांवर आलेत. नवीन घेऊनच टाकू का?"

ताईंच्या हातात होते ३० हजार रुपये. तेही गणपतीतल्या बेसन-तेल-साबुदाण्यासाठी बाजूला काढलेले. म्हणजे प्रश्न टीव्हीचा दिसतो, पण खरा प्रश्न खेळत्या भांडवलाचा आहे. व्हिडिओत मी हे भरभर सांगितलं. इथे आकडेमोड सावकाश करूया.

टीव्हीचं वय कसं मोजायचं?

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. गिरगावच्या चाळीतल्या जुन्या मंडळींना विचारा, एका खोलीत टीव्ही आणि अख्खा मजला समोर! तो डबा वर्षानुवर्षं टिकायचा, असं सगळे सांगतात. पण तो रोज चालायचा किती? कार्यक्रमच मोजके तास असायचे.

आता तुमचं गणित करा. घरातला टीव्ही रोज ४ तास चालला, तर वर्षाला १,४६० तास. ताईंचा टीव्ही रोज १४ तास, म्हणजे वर्षाला ५,११० तास. पाच वर्षांत २५,५५० तास. घरच्या हिशोबाने ही झाली साडेसतरा वर्षं! म्हणजे "पाचच वर्षं" नाही, टीव्हीने भरपूर काम केलंय.

एलईडी टीव्हीच्या पडद्यामागे छोट्या दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्याला बॅकलाइट म्हणतात. या दिव्यांचा उजेड निम्म्यावर यायला साधारण ५० हजार तास लागतात, असं धरलं जातं. पण टीव्ही म्हणजे नुसते दिवे नाहीत. आत पॉवर सप्लाय आहे, त्यात कपॅसिटर आहेत, मदरबोर्ड आहे. कढईची तेलकट वाफ, समुद्राकडची दमट हवा, विजेचा कमी-जास्त दाब, यांनी हे भाग आधी थकतात.

आधी रोग ओळखा, मग खिशात हात घाला

१. आवाज येतो, चित्र नाही. दुकानातले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं, तर पॅनेल बहुधा शाबूत आहे, बॅकलाइट गेलाय. दुरुस्त होतो.

२. टीव्ही सुरूच होत नाही, लाल दिवा नुसता लुकलुकतो. बऱ्याचदा पॉवर सप्लायचा दोष निघतो. हाही दुरुस्त होतो. पण मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

३. पडद्याला तडा गेलाय किंवा अर्धं चित्रच गायब आहे. हे बहुतेक वेळा पॅनेलचं दुखणं. पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते. इथे बदललेलाच बरा. उभ्या रेषा दिसत असतील, तर मात्र आधी मेकॅनिकला दाखवा. कधी कधी आतली वायर सैल झालेली असते.

४. टीव्ही चांगला आहे, पण ॲप चालत नाही, सगळं हळू होतं. हा टीव्ही म्हातारा झालेला नाही, त्याचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. एचडीएमआयला लावायची स्टिक घ्या. काही हजारांत काम होतं.

ताईंनी टॉर्च धरला. मेनू अंधुक दिसला!

आता खरा हिशोब

त्यांना बॅकलाइट बदलायचा खर्च सांगितला ३,५०० रुपये. तेवढाच नवा टीव्ही २८ हजारांचा. तो पाच वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ५,६०० रुपयांना पडतो. मग दुरुस्त केलेला टीव्ही किती चालला की ३,५०० वसूल? साडेसात महिने. त्यापुढे चालेल तो प्रत्येक दिवस फायद्याचा.

हे सूत्र वहीत लिहून ठेवा: दुरुस्तीचा खर्च भागिले नव्या टीव्हीचा वर्षाचा खर्च. उत्तर एक वर्षापेक्षा कमी आलं, तर दुरुस्ती करा. दोनच्या पुढे गेलं, तर नवा घ्या. मध्ये आलं, तर मेकॅनिकला विचारा, "गॅरंटी किती महिन्यांची?" आणि ती बिलावर लिहून घ्या. ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार आहे. दोन-तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

नवा घ्यायचाच असेल तर

- वॉरंटी कार्ड वाचा. घरगुती टीव्ही दुकानात वापरला, तर अनेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. रोज १६ तास किंवा २४ तास चालण्यासाठी बनवलेले व्यावसायिक डिस्प्ले वेगळे मिळतात. ते महाग असतात, म्हणून तुमचे तास मोजून ठरवा.
- दिवसभर एकच मेनू दाखवायचा असेल, तर ओएलईडी घेऊ नका. स्थिर अक्षरांचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.
- बिल व्यवसायाच्या नावाने घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.
- सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट पूर्ण १०० वर असेल, तर ६०-७० वर आणा. दिवे कमी तापतात, जास्त टिकतात. टीव्ही कढईपासून लांब लावा, मागे हवा खेळू द्या.
- जुना टीव्ही उघड्यावर टाकू नका. जुन्या एलसीडीच्या ट्यूबमध्ये पारा असतो, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा.

ताईंनी टीव्ही दुरुस्त केला. उरलेल्या साडेसव्वीस हजारांचा माल भरला. लालबागला गणपतीत रात्रभर रांगा असतात, तुम्हाला माहीतच आहे. भुकेलेलं गिऱ्हाईक पडदा नवा की जुना हे बघत नाही, वडा गरम आहे का ते बघतं. मालात घातलेला पैसा दहा दिवसांत फिरून गल्ल्यात आला. टीव्हीत घातला असता, तर भिंतीवर टांगून राहिला असता.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली तीन यंत्रं निवडा. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, काहीही. प्रत्येक यंत्र रोज किती तास चालतं, वर्षाला कितीला पडतं, ते वहीत मांडा. पुढच्या वेळी काही बंद पडलं, की आधी ती वही उघडा, मग पाकीट!