खाद्यासाठीं मूषकपालन : कोणती जात निवडावी ?

ज्या उंदराचा शेताचा वैरी म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या नाश करीत आलों, तोच मुद्दाम पाळावयाचा, ही कल्पना प्रथम विपरीत वाटेल. परंतु प्राणिसंग्रहालयांतील सर्प व उपचारासाठीं ठेविलेलीं घुबडें यांस अख्खें व निरोगी भक्ष्य लागतें. तें पुरविण्याचा जोडधंदा ज्यास करावयाचा असेल त्यानें जातीची निवड आधीं पक्की करावी.

शेतांतील बिळें खणून धरलेले उंदीर व घुशी या कामास सर्वथा वर्ज्य होत. त्यांच्या पोटांतील झिंक फॉस्फाइड अथवा ब्रोमॅडिओलोन हें विष खाणाऱ्यासही बाधतें; शिवाय लेप्टोस्पायरोसिससारखा रोग पाळणाऱ्याच्याच घरीं येण्याचें भय असतें. म्हणून पाळीव वंशाचींच जनावरें घ्यावीं.

पाळीव वंशांत खरी निवड दोहोंत आहे : कणगीभोंवतीं वावरणाऱ्या लहान उंदराचा पांढरा वंश, व मोठ्या तपकिरी उंदराचा पांढरा वंश. लहान मादी १९ ते २१ दिवसांत विते, मोठी २१ ते २३ दिवसांत. दोहोंचीं पिलें सुमारें तीन आठवड्यांनीं आईपासून तोडतां येतात. खरा भेद दाण्याच्या खर्चांत आहे. पूर्ण वाढलेला लहान उंदीर पंचवीस-तीस ग्रॅम भरतो व रोज चार-पांच ग्रॅम खातो. म्हणजे वजनाचा सुमारें सहावा हिस्सा. तीनशें ग्रॅमचा मोठा उंदीर पंधरा ते वीस ग्रॅमवर राहतो; म्हणजे पंधरावा ते विसावा हिस्सा. शिवाय मोठ्याचें नवजात पिलूं पांच-सहा ग्रॅमचें असल्यानें एकाच जातींतून बहुतेक सर्व आकारांचें भक्ष्य मिळतें. लहान नराच्या मूत्राचा दर्पही फार उग्र असतो. मात्र अगदीं लहान सर्पांस दीड ग्रॅमपर्यंतचें पिलूंच गिळतां येतें. तेवढ्यापुरत्या लहान जातीच्या थोड्या माद्या ठेवाव्या.

इतर जातींचा मोह धरूं नये. गिनीपिगची मादी दोन महिन्यांनीं विते व बहुधा दोन ते चारच पिलें देते. सोनेरी हॅमस्टर १६ दिवसांत वितो, पण पूर्ण वाढलेली जनावरें परस्परांशीं झगडतात, म्हणून प्रत्येकास निराळा पिंजरा लागतो. आफ्रिकेतील बहुस्तनी उंदीर विपुल वितो खरा. परंतु त्याच्या मूळ देशांत तो पिकांचा शत्रु व पश्चिम आफ्रिकेंत लासा ज्वराचा वाहक आहे. असा प्राणी पिंजऱ्यांतून निसटल्यास एकट्या पाळणाऱ्याचें नव्हे, साऱ्या शिवाराचें नुकसान व्हावयाचें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें देशी सर्प खाजगी रीतीनें पाळतां येत नाहींत. तेव्हां गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः मान्यताप्राप्त संस्था. त्यांची लेखी मागणी हातीं आल्यावांचून पिंजरे करूं नयेत, व ते धान्याच्या कोठारापासून दूर ठेवावे. भक्ष्य वेदना न देतां मारूनच पुरवावें. जिवंत उंदीर सर्पासही चावून जखमी करतो. सारांश, मोठा पांढरा उंदीर मुख्य, लहान पूरक, व परदेशी नवीन जात मुळींच नको, हाच मार्ग आमच्या मतें किफायतीचा व निर्धोक होय.