'ठाऊक नाही' म्हणणारा गुरू

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपूजेची पुण्यतिथी. या दिवशी घरोघरी गुरुस्मरण होते, पादुकांवर फुले वाहिली जातात. परंतु महाविद्यालयात पदार्थविज्ञान वा रसायन शिकविणाऱ्या प्राध्यापकाची आठवण त्या पूजेत सहसा होत नाही. ती का व्हावी, हे मला सीबीडी बेलापूर येथे उमगले.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या नगरात कीर्तनासाठी गेलो होतो. यजमानांची कन्या विज्ञानाच्या पदवीवर्गात शिकत होती. ती खिन्नपणे म्हणाली, "बुवा, सरांना एक शंका विचारली, तर ते म्हणाले, 'मलाही ठाऊक नाही, आपण शोधू या.' ज्यांना ठाऊक नाही, त्यांना गुरू कसे म्हणावे? मी ती शंकाच सोडून दिली." यजमान संकोचले, प्रश्न मात्र खरा होता.

त्या रात्री योजलेले निरूपण बाजूस ठेवून मी पूर्वरंगास प्रश्नोपनिषद घेतले. सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. ऋषींनी त्यांना वर्षभर तप व श्रद्धेने राहावयास सांगितले. मग हवे ते विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू, असे आश्वासन दिले. 'असेल तर' हे शब्द प्रत्यक्ष ऋषींचे आहेत! त्या सहांतील सुकेशा याला कोसलदेशाच्या राजपुत्राने सोळा कलांच्या पुरुषाविषयी पूर्वी विचारले होते. ठाऊक नसल्याचे त्याने स्पष्ट सांगितले. असत्य बोलणे त्याला समूळ नाशासारखे वाटले. तोच प्रश्न उराशी धरून तो पिप्पलादांकडे आला. एका प्रामाणिक नकारातून उपनिषदाचा सहावा प्रश्न जन्मास आला.

आधुनिक विद्येतही हीच परंपरा दिसते. कोल्हापुरात 1908 साली जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून 1932 मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी; गणित आणि गीर्वाणवाणी एकाच छताखाली नांदत होती. 1942 मध्ये प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण त्यांच्याकडे काशीस गेले. प्रकाश न देणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचे गणित श्वार्झशिल्ड यांनी 1916 मध्ये सोडविले होते. तेज बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचे उत्तर वैद्यांनी 1943 मध्ये दिले. ते जगभर शिष्याच्या नावानेच ओळखले जाते. पराजय इच्छावा तो शिष्याकडूनच, हे आपले जुने वचन येथे सार्थ झाले.

बेलापूरहून लोकलने वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द येते. तेथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 2004 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा उपक्रम चालविला. पुस्तकामागे छापलेले उत्तर पाठ करणे वेगळे आणि ज्याचे उत्तर अद्याप कोणीच लिहिलेले नाही, त्या प्रश्नाशी मार्गदर्शकासह झुंजणे वेगळे. हेच आजचे समित्पाणित्व होय.

दुसऱ्या दिवशी निघताना त्या मुलीने नमस्कार केला आणि म्हणाली, "बुवा, सोडलेली शंका पुन्हा वहीत लिहिली आहे. सोमवारी सरांकडे जाते."

भाविकहो, या पौर्णिमेस मुलांना एवढेच सांगावे : देवापुढे फूल वाहा आणि गुरूपुढे खरी शंका ठेवा. गुरुचरणी तीही दक्षिणाच आहे.