पाटाला पाणी, वाड्या मात्र ओस

भंडारदरा धरणाचं आवर्तन सुटलं की पाणी आधी प्रवरेच्या पात्रातून वाहत येतं. संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर ते अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. पुढे चारी, पोटचारी आणि शेवटी वाफा. शेतकऱ्याने पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा आणि पाळी आली की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं.

ओझरचा मूळ कालवा एकोणिसाव्या शतकातला. पण नदी आटली की तोही आटे. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, पाण्याची शाश्वती आली आणि पाठोपाठ ऊस आला. बेलापूर कंपनीचा कारखाना हरिगावला उभा राहिला, डहाणूकरांचा टिळकनगरला. शेजारच्या गोदावरी कालव्यांवर साकरवाडी आणि चांगदेवनगर वसलं. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मळ्या-मळ्यांवर मजुरांच्या चाळींच्या वाड्या बांधल्या. लांबलांबून आलेली माणसं इथलीच झाली.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांची ही शेती सरकारकडे गेली आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. मजूर तेच राहिले, मालक बदलला. तोवर लोणीला सहकारी कारखाना सुरू होऊन दशक उलटलं होतं. उसाचा कारभार खासगी कंपन्यांकडून सहकाराकडे सरकत होता. पुढे हरिगावचा कारखाना बंद पडला. जिथे वर्षानुवर्षं पाणी दिलं पण निचऱ्याचे चर काढले नाहीत, तिथली काळी जमीन चोपण झाली. महामंडळाचं कामही आटत गेलं.

कंपन्यांना जमिनी खंडाने दिलेल्या शेतकऱ्यांनी, म्हणजे खंडकऱ्यांनी, त्या परत मिळवण्यासाठी पिढ्यानपिढ्या लढा दिला. २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या. हा न्यायच होता, उशिरा झालेला. पण सातबाऱ्यावर ज्याचं नाव कधीच नव्हतं, त्या मजुराला या वाटपात जागा नव्हती. चाळींचे पत्रे गंजले, भिंतींत पिंपळ रुजले, तरणी मुलं श्रीरामपूरला, पुण्याला गेली. मागे राहिले म्हातारे, कोणत्याही दिवशी खाली करावी लागेल अशा खोलीत.

या वाड्या पाण्यावाचून ओस पडलेल्या नाहीत. पाट अजून त्यांच्या उशालाच वाहतो. राहत्या घराखालची जागा नावावर करून द्या, ही या कामगारांची मागणी आहे. ज्यांच्या घामावर जिल्ह्याचा ऊस उभा राहिला, त्यांची ही मागणी सरकारने आता मान्य करावी.