हिवाळी डोंगरभटकंती, लेखांक ६ : हलकी आणि कोरडी सॅक

हिवाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरांत एका दिवसाच्या चढाईसाठी लागणारी सॅक उन्हाळी सॅकपेक्षा मोठी लागते, आणि पाणीही तिला वेगवेगळ्या रूपांत भेटतं. ९१४ मीटरहून उंच अशी २८२ शिखरं तिथे ‘मन्रो’ म्हणून ओळखली जातात. त्यांतलं सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटरचं. हिमालयाच्या मानाने ही उंची किरकोळ वाटते, पण अडचण नेमकी तिच्यातच आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी चार अंश आणि पाऊस, सहाशे मीटरवर शून्याच्या आसपास ओला चिकट बर्फ आणि माथ्यावर उणे तीन-चार अंशांत वाऱ्याने उडणारा भुग्यासारखा हिमकण, असा प्रवास एकाच सकाळी होतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ झटकला की पडून जातो. इथला बर्फ कापडाला धरून बसतो, पाठीच्या उबेने वितळतो, शिवणीतून आत झिरपतो आणि वर गेल्यावर पुन्हा गोठतो. केर्न गॉर्मच्या माथ्यावर मार्च १९८६मध्ये वाऱ्याचा ताशी सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला होता. त्याच्या चौथाई वेगाचा वाराही हिमकण सॅकच्या प्रत्येक फटीत घुसवतो.

भिजण्याचा परिणामही इथे गंभीर असतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. डाउन जॅकेटमधली पिसं भिजून चिकटली की त्यांत अडकलेली हवा निघून जाते आणि जॅकेट जवळजवळ निकामी होतं. सॅकमध्ये राखून ठेवलेले कोरडे हातमोजे आणि उबदार जॅकेट हा संकटकाळचा साठा असतो. तो ऐन वेळी ओला निघाला तर पाठीवर वाहून नेल्याचा काही उपयोग उरत नाही.

आकार ठरवताना सुरुवात सामानापासून करावी. डिसेंबरअखेर हायलँड्समध्ये दिवसाचा उजेड साडेसहा तासांच्या आसपास मिळतो, म्हणून हेडटॉर्च आणि जादा बॅटरी हवीच. त्याशिवाय जाड जॅकेट, हातमोज्यांचे किमान दोन जादा जोड, बर्फाचा गॉगल, नकाशा, होकायंत्र, थर्मास, खाणं, प्रथमोपचाराचं सामान आणि वाऱ्यात सगळ्यांना आत बसता येईल असा पातळ कापडाचा सामायिक निवारा लागतो. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे खिळे, पायांत नसतील तेव्हा तेही सॅकमध्येच जातात. उन्हाळ्यात वीस-पंचवीस लिटरची सॅक पुरते, हिवाळ्यात तीस ते चाळीस लिटर लागतात, आणि पस्तीस लिटर ही बहुतेकांना जमणारी मधली निवड. वजनाच्या हौसेपायी लहान सॅक घेतली की सामान बाहेर लटकू लागतं. बाहेर लटकलेलं सामान भिजतं, वाऱ्यात फडफडतं, कधी उडूनही जातं.

आता कापड. दुकानातल्या माहितीपत्रकावर ‘१५०० मिमी’, ‘५००० मिमी’ असे आकडे दिसतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे थेंब पलीकडे उतरतो, त्याचं हे माप. एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा दाब देतो, हे लक्षात ठेवलं की आकड्याचा अर्थ हाताला लागतो. आठ किलोची भरलेली सॅक ओल्या खडकावर टेकवली आणि तिचा भार समजा चाळीस चौरस सेंटिमीटरच्या टोकावर आला, तर तिथे २०० ग्रॅमचा, म्हणजे २००० मिमी स्तंभाइतका दाब पडतो. १५०० मिमीचं कापड पडत्या पावसात कोरडं राहतं, पण अशा जागी तळातून पाणी आत घेतं. तळाचं कापड बाजूंपेक्षा जाड असावं, या आग्रहामागे घर्षणाइतकाच हा हिशेब आहे.

बहुतेक सॅक नायलॉनच्या असतात आणि त्यांना आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. हा थर स्वस्त आणि पुरेसा टिकाऊ असतो. त्याहून हलकी म्हणजे शिडांच्या कापडांतून आलेली बहुपदरी कापडं : बाहेर नायलॉन, मध्ये आडवे-तिरपे धागे आणि पॉलिस्टरची पातळ फिल्म. एक्स-पॅक हे त्यांतलं एक परिचित नाव. डायनीमाच्या धाग्यांची कापडं आणखी हलकी आणि ताणाला विलक्षण मजबूत असतात. मात्र त्यांचे अतिपातळ प्रकार खडकावर घासले किंवा क्रॅम्पॉनचं टोक लागलं की लवकर भोक पडतं. कापडाच्या धाग्याची जाडी ‘डेनियर’मध्ये सांगतात : नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचा डेनियर. हिवाळी वापराच्या नायलॉन सॅकला अंगासाठी २१० डेनियर आणि तळाला त्याहून जाड कापड असणं हा समंजस मध्यममार्ग.

कापड मात्र क्वचितच दगा देतं. दगा देते ती शिवण. शिलाई मशीनची सुई प्रत्येक टाक्याला जलरोधक थरात एक भोक पाडत जाते, आणि दोरा वातीसारखा पाणी ओढून आत आणतो. सॅकचा खांदेपट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे कापडाचे चार-पाच थर आणि टाक्यांच्या तीन-तीन ओळी एकत्र येतात. पाठीवरून ओघळणारं पाणीही नेमकं तिथेच साचतं. या शिवणींवर आतून चिकटपट्टी दाबून बसवलेली असली तर सॅक बरीच सुरक्षित होते. शिवणीऐवजी कडा उष्णतेने एकजीव केल्या असतील तर ती खऱ्या अर्थाने जलरोधक, पण तशी सॅक सहसा जड आणि ताठ असते आणि बाहेर पट्टे लावायला तिच्यावर जागा कमी. चेनचंही तसंच. रबरी लेप दिलेली बहुतेक चेन पावसाचा मारा रोखते, पण ती पूर्ण जलरोधक नसते, आणि दातांत बर्फ गोठला की सरकतही नाही. तोंड तीनदा गुंडाळून बकल लावायची रचना जास्त विश्वासाची. तिच्यात एकच गैरसोय : वर ठेवलेली वस्तू काढायलाही सगळं तोंड उघडावं लागतं.

सॅकवर बाहेरून चढवायचं पावसाळी आवरण या डोंगरांत फारसं टिकत नाही. पाठीची बाजू त्यात उघडीच राहते, खाली पाणी साठतं, बाहेर आइस ॲक्स बांधली की ते नीट बसत नाही, आणि उघड्या कड्यावर जोराच्या वाऱ्यात शिडासारखं फुगून निसटतं. खरा भरवसा आतल्या पिशवीचा. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणारे सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरतात, तीच साधी युक्ती इथेही सर्वांत कामाची ठरते. टिकाऊ कापडाची, तोंड गुंडाळायची आतली पिशवी शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाची मिळते. जॅकेट आणि जादा हातमोजे त्या मोठ्या पिशवीत पुन्हा वेगळ्या लहान पिशवीत ठेवावेत, कारण हिमवर्षावात सॅक उघडली की मोठ्या पिशवीचं तोंडही उघडतंच. एवढी व्यवस्था केली की सॅक स्वतः संपूर्ण जलरोधक असण्याची गरज उरत नाही. ती फार पाणी पिऊन जड होऊ नये, इतकंच पुरतं. सॅकच्या किमतीतला मोठा हिस्सा ‘जलरोधक’ या एका शब्दासाठी मोजण्यापेक्षा तो पाठीला नीट बसणाऱ्या सॅकवर खर्च करावा.

वजनाचा विचार त्यानंतर. पस्तीस लिटरची नेहमीची सॅक सव्वा ते दीड किलोची भरते, हलक्या सॅक सहाशे ते नऊशे ग्रॅममध्ये मिळतात. हा फरक कुठून आला, ते पाहावं. जादा खिसे, दुहेरी चेनी, धातूच्या सळ्या आणि झाकणाचा कप्पा काढून वजन उतरवलं असेल तर उत्तम. कमरपट्टा आणि पाठीचा आधार काढून उतरवलं असेल तर आठ-दहा किलोचं हिवाळी सामान खांद्यांवर येतं आणि वाचलेल्या पाचशे ग्रॅमची किंमत दुपारपर्यंत वसूल होते. पाठीची लांबी मोजताना डोकं पुढे झुकवावं, मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या मणक्याच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत माप घ्यावं. उंचीने सारख्या दोन माणसांत हे माप वेगळं निघतं. सॅक दुकानात सात-आठ किलो भरून, अंगात जाड जॅकेट घालूनच पाहावी.

उन्हाळी सॅकमध्ये पाठीला हवा लागावी म्हणून ताणलेली जाळी असते. हिवाळ्यात त्या पोकळीत बर्फ भरून बसतो. पाणी न शोषणाऱ्या फोमची सपाट पाठ बरी. तो फोम बाहेर काढता येत असेल तर बर्फावर बसायला आसनही होतं.

यानंतरची कसोटी हातमोज्यांची. जाड मोजे घालून छातीचं बकल लावता आणि काढता येतं का, तोंडाचा पट्टा सापडतो का, चेनच्या टोकाला धरायला दोरीचा फास आहे का, हे दुकानातच करून पाहावं. जी गोष्ट मोजे काढल्याशिवाय उघडत नाही ती वादळात उघडली जाणार नाही. आइस ॲक्ससाठी तळाशी फास आणि वर आवळपट्टी हवी. क्रॅम्पॉन बाहेर बांधायची सोय दिसायला छान असते, पण टोकदार खिळे सोबत्याच्या जॅकेटला आणि गाडीच्या सीटला फाडतात. जाड पिशवीत घालून आत ठेवलेले क्रॅम्पॉन जास्त बरे. पाणी पिण्याच्या नळीसाठीच्या खास कप्प्याला महत्त्व देऊ नये, नळीतलं पाणी लवकर गोठतं. रुंद तोंडाची बाटली उलटी ठेवली की बर्फ तळाकडे धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

विकत घेतलेली सॅक डोंगरात नेण्याआधी न्हाणीघरात तपासता येते. आत चुरगळलेली वर्तमानपत्रं गच्च भरून तोंड बंद करावं, शॉवरखाली दहा मिनिटं उभी करावी, मध्येच आडवी करावी. मग कागद एकेक काढून ओल कुठे लागली ते पाहावं : बहुधा खांदेपट्ट्यांच्या मुळाशी आणि तळाच्या कोपऱ्यांत. तिथे शिवणीवर लावायचा डिंक आतून दोनदा लावला की बराच फरक पडतो. आतल्या पिशवीत हवा कोंडून तोंड गुंडाळावं, पाण्याखाली दाबावी. बुडबुडे आले तर छिद्र सापडलं.

परतल्यावर सॅक उलटी करून सावलीत वाळवावी. हीटरवर ठेवू नये, आणि ओली तर कपाटात मुळीच नाही. ओल आणि उष्णता मिळाली की पॉलियुरेथेनचा थर काही वर्षांत विघटित होऊ लागतो : आधी चिकटपणा येतो, मग आंबट वास, मग पापुद्रे सुटतात. या अवस्थेतला थर घासून काढता येतो, पण नवा तितका घट्ट बसत नाही. अशी सॅक आतली पिशवी धड असेपर्यंत वापरायला हरकत नाही.