फायरिंग मोठं, पिकअप तेवढाच

संध्याकाळी रायपूरच्या पंडरी कापड मार्केटसमोर गाड्या अडकल्या की एखादी दीडशे सीसीची बाइक जागच्या जागी रेस होते. साडीच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकतं, तर बाजूचा पोरगा खुशीत म्हणतो, ‘एकदम रेसिंगचा आवाज!’ सायलेन्सरची जाळी काढली की झाली रेसिंगची गाडी, हा समज रायपुरात काय नि पुण्यात काय, सारखाच पक्का.

हिशेब करून बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरची गाडी ८,००० आरपीएमवर सेकंदाला जेमतेम ६७ स्फोट करते. चार सिलिंडरची मोटोजीपी गाडी १८,००० आरपीएमवर ६०० करते. कानाला जी किंकाळी वाटते ती या ६००ची. जाळी काढून ६७चे ६०० होत नाहीत. तेच ६७ मोठ्याने ऐकू येतात, एवढंच.

बरं, सिलिंडर चार असले म्हणजे किंकाळीच येणार, असंही नाही. २००४ साली मोटोजीपी रायडर व्हॅलेंटिनो रॉसीच्या यामाहाचा सूर खर्जात गेला होता. सिलिंडर तेवढेच होते. बदलला होता क्रँकशाफ्ट. आधी दर १८० अंशांनी सिलिंडर पेटायचे, आता ते २७०, १८०, ९०, १८० अशा विषम अंतराने पेटू लागले. आवाजासाठी कुणी हे केलं नव्हतं. वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकाची पकड रायडरच्या हाताला नीट कळावी, म्हणून केलं होतं. आवाज फुकटात बदलला. यामाहाच्याच २००९च्या आर-वनमध्ये तोच क्रँक रस्त्यावर आला.

पाइप मोकळा केला की पिकअप वाढतो, हा समज यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १००च्या भक्तांना सगळ्यात महाग पडतो. टू-स्ट्रोकचा पोट सुटलेला पाइप निव्वळ धूर सोडायला नसतो. बाहेर पडलेली दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरते आणि एक्झॉस्ट पोर्टातून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र पन्नासच्या दशकात इतकं घोटलं, की १९६१ साली त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर देश सोडून पळाला आणि ते सुझुकीकडे घेऊन गेला. पाइपासाठी हेरगिरी झाली, आणि आपल्याकडे त्याच पाइपावर खुशाल कटर चालतो! फोर-स्ट्रोकमध्येही मोकळ्या पाइपाला साजेसं जेटिंग किंवा मॅपिंग करून पेट्रोलचं प्रमाण जुळवलं नाही, तर हाती फक्त आवाज लागतो.

चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू करून काढलेला फटाकाही ताकदीचा नव्हे. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात पेटतं. बीएस-६ गाडीत तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो यात भाजून निघतो.

‘मोकळा पाइप दुकानात उघड मिळतो, म्हणजे कायद्यात बसतो’ हेही खोटं. नव्या गाडीला ८० ते १७५ सीसीमध्ये ७७ डेसिबल, त्यावर ८० डेसिबल अशी मर्यादा २००५पासून आहे. आणि डेसिबलचं गणित सरळ नाही: २० डेसिबल जास्त म्हणजे शंभरपट ऊर्जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगवास होऊ शकतो आणि लायसन्सही तीन महिने जातं. पंडरीत तर जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णालयाभोवती आखल्या जाणाऱ्या शांतता क्षेत्राची मर्यादा रात्री अवघी ४० डेसिबल असते.

राहिला शेवटचा समज: रेसमध्ये आवाजाला मोकळं रान असतं. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसच्या लीगची फेरी झाली. तिथल्या ४५० आणि २५० सीसीच्या गाड्या पंडरीतल्या बाइकसारख्याच एका सिलिंडरच्या, पण प्रत्येकीला सायलेन्सर होता. मोटोक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आवाज मीटर लावून मोजतात; काटा मर्यादेपुढे गेला, तर दुरुस्त केल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरत नाही.