जिमखान्यातला घोडा

इंग्लंडच्या एखाद्या खेडेगावात 'उद्या जिमखाना आहे' असं कुणी म्हणालं, तर क्रिकेटची बॅट शोधायला लागू नका. तिकडे जिमखाना म्हणजे तट्टांवर बसून खेळायच्या गमतीच्या शर्यती. शाळकरी पोरं मांड ठोकून रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी दौडतात, चमच्यात अंडं घेऊन तोल सांभाळतात. पोत्यांच्या शर्यतीत तर भरधाव येऊन खाली उडी टाकायची, पोत्यात पाय घालायचे आणि एका हाताने लगाम धरून टुणटुण उड्या मारत रेघ गाठायची. शेजारून तट्टू निवांत चालत असतं. या खेळांतला मानाचा प्रिन्स फिलिप कप १९५७ साली सुरू झाला, तो मुद्दाम साध्यासुध्या तट्टांवरच्या मुलांसाठी.

शब्द मात्र आपल्या मातीतला. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जुना कोश त्याचं मूळ 'गेंदखाना' या शब्दात शोधतो. साहेबांच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्तानीत तसं म्हणत. त्याच कोशात रुरकीला १८६१ साली जिमखाना निघाल्याची नोंद आहे. पुढे 'गेंद'चा 'जिम' झाला, तो बहुधा जिमनॅस्टिक्सच्या वळणाने. म्हणून स्पेलिंगची सुरुवात जी-वाय-एम अशी ग्रीक थाटाची आणि शेवट दवाखाना, कारखाना, तोफखान्यातल्या फारसी 'खान्या'चा!

त्या ग्रीक 'जिम'चा अर्थ ठाऊक आहे? 'गुम्नोस' म्हणजे उघडानागडा, कारण ग्रीक मल्ल अंगावर चिंधी न ठेवता व्यायाम करत. चपला घालून आलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणाऱ्या क्लबांना हे कुणीतरी कळवायला हवं.

मुंबईत घोडा आणि जिमखाना यांचं नातं गमतीचं नव्हतं, भांडणाचं होतं. १८७५ साली निघालेला बॉम्बे जिमखाना फक्त गोऱ्यांचा. त्यांचे पोलोपटू समोरच्या मैदानावर घोडे फेकत, आणि त्याच मैदानावर पारशी-हिंदू पोरं क्रिकेट खेळत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू पडला की कुठे उसळेल याचा नेम नाही. मूठभर पोलोवाल्यांसाठी शेकडो खेळाडूंची खेळपट्टी नासायची! १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला अर्ज-विनंत्या झाल्या, सरकारने पोलो हलवला आणि पुन्हा येऊही दिला. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूने हा सगळा झगडा १८९७च्या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे; मुंबईच्या क्रिकेटवेड्याने तो वाचायलाच हवा. पुढे पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना समुद्रालगत जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्हवर आजही ओळीने दिसणाऱ्या जिमखान्यांमागे अशी टापांची कटकट आहे. आणि ज्या बॉम्बे जिमखान्यात देशी माणसाला सभासद होता येत नव्हतं, तिथेच डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली आणि लाला अमरनाथ यांनी भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकलं. याला म्हणतात परतफेड.

पुण्यात हा शब्द चक्क पत्ता झाला. १९०६चा डेक्कन जिमखाना आधी क्लब, मग वस्ती, मग बसथांबा. आता तर 'डेक्कनला उतरतो' एवढंच पुरतं, जिमखानाही गळाला. कॉलेजात तो फीच्या पावतीवर भेटतो आणि कॅरमच्या पावडरीला वास येतो तिथे नांदतो. तट्टाचं नावही कुणी काढत नाही.

जपानमध्ये 'जिमुकाना' म्हणतात ती मोटारींची कसरत. मोकळ्या जागेत शंकू मांडायचे आणि टायर किंचाळवत, गिरक्या घेत त्यांच्यातून कमीत कमी वेळात गाडी काढायची. काठ्यांच्या जागी शंकू आले, तट्टाच्या जागी इंजिन. अमेरिकी रॅली ड्रायव्हर केन ब्लॉकने २००८ पासून याच नावाने व्हिडिओ काढले आणि ते जगभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले.