चारच ठिकाणं

पहाटे ४.३०
एसटी यायला अजून दीड तास आहे, पण सहलप्रमुखाचा दिवस गाडीच्या आधी सुरू होतो. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, विद्यार्थ्यांची यादी तीन प्रतींत, प्रथमोपचाराची पेटी, उलटीच्या गोळ्या, कॅरीबॅगांचा गठ्ठा. डिसेंबरात वर्धेच्या काठाकडून येणारं वारं असं झोंबतं की पेनातली शाईही नीट उतरत नाही. यादीवरचे फोन नंबर पुन्हा तपासून घेतो. निम्म्या पालकांनी दिवाळीनंतर सिम बदललेलं असतं.

५.४५
पोट्टे वेळेआधी हजर. एरवी साडेदहाच्या शाळेला अकराला उगवणारे हेच. आंबिया बहाराची संत्री उतरायचे दिवस आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या पिशवीत डब्यासोबत संत्री. मोवाडकडून तिघी मोटारसायकलवर बापाच्या मागे बसून आल्या. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, म्हणून संत्र्याचा भाव पडलेल्या वर्षीही आमची सहल निघते. ही सवलत नसती तर नरखेड तालुक्यातल्या निम्म्या पोरांनी नागपूर फक्त मेडिकल इस्पितळाच्या निमित्तानं पाहिलं असतं.

हजेरी: ४३ मुलं, आम्ही चौघं.

६.१०
गाडी निघाली. नरखेड, मग काटोल, मग नागपूर. अंतर ८५ किलोमीटरच्या आसपास. काटोलपर्यंत गाणी, काटोलनंतर झोप.

या वेळात मी शेजारच्या सीटवरच्या विज्ञानाच्या मॅडमशी तोच जुना वाद पुन्हा घालून घेतो. सहलींच्या पत्रकांवर ठिकाणांची यादी लांबत गेली आणि पाहणं आखूड होत गेलं, हे माझं म्हणणं. एका दिवसात अकरा ठिकाणं म्हणजे अकरा वेळा उतरा, चढा, फोटो काढा, मोजा. शेवटी वॉटर पार्क, कारण पोरांना तेवढंच आठवतं. मॅडमचं म्हणणं, पोरांना मजा नको का? हवी की. पण मजा धावतानाच येते, असं कोणी ठरवलं? यंदा माझी सरशी झाली आणि पत्रकावर चारच ठिकाणं आली: नागपूरच्या सदर भागातली दोन कॅथेड्रल, झिरो माइल, दीक्षाभूमी.

कॅथेड्रल हे नाव पाहून पालकसभेत एकानं विचारलंच, "सर, चर्चमंदी काय पाहाचं हाय?" शहरांतल्या काही मोठ्या शाळा पोरांना थेट युरोपला नेतात. पॅरिसचं नोत्र दाम, लंडनचं सेंट पॉल, कोलोनचं कॅथेड्रल. त्या सहलीचा खर्च आमच्याकडे एका घराच्या वर्षाच्या कमाईएवढा. मी त्या पालकाला म्हटलं, त्याच घराण्यातली इमारत काटोल नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आधी ती पाहून येऊ.

८.३०
फेटरी, गोरेवाडा, काटोल नाका. तर्री-पोहे. दोघांच्या गणवेशावर तर्री सांडली. पुन्हा हजेरी, ४३.

९.१०
ऑल सेंट्स कॅथेड्रल. परवानगी आठवडाभर आधी फोन करून घेतली होती. हे लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, बघायला मांडून ठेवलेली वस्तू नव्हे. नाताळ जवळ आलेला, त्यामुळे चांदण्यांच्या माळा लावायचं काम चालू. दारात ४३ जोडी चपला-बूट आपोआप निघाले. "राहू द्या, इथं घालून आलं तरी चालते," असं तिथल्या सेवकानं सांगितलं, तरी एकानंही परत घातले नाहीत. फरशी थंड होती.

आत गेल्यावर दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, हा माझा एकमेव नियम. बाकावर बसा, वर पाहा. कमान कुठून सुरू होते, कुठं मिटते, उजेड कुठून येतो. दहा मिनिटं म्हणजे आठवीच्या पोराला एक युग. चौथ्या मिनिटाला चुळबुळ, सहाव्याला कोणीतरी फिसकन हसलं, आणि सातव्यानंतर खरंच शांत झाले. मला हेच हवं होतं.

मग बाहेर अंगणात प्रश्न. हे चर्च १८५१ साली उभं राहिलं. तेव्हा नागपुरात राज्य कोणाचं?

"इंग्रजांचं!" सगळे एका सुरात.

नाही. १८५१ साली नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. ते १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. दत्तक वारस नामंजूर हे पुस्तकातलं वाक्य यांना पाठ आहे. पण राज्य भोसल्यांचं असताना इंग्रजांचं चर्च इथं कसं, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. उत्तर इथून थोड्या अंतरावरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथं आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली. त्यानंतर राजा होता, दरबार होता, आणि शेजारी इंग्रजांचा रेसिडेंट आणि त्याची पलटण होती. पलटण आली की तिची दफनभूमी येते, चर्च येतं, बाजार येतो. सत्ता आधी आली, जाहीरनामा नंतर.

एका मुलीनं विचारलं, "सर, मंग राजाले इचारलं असन का चर्च बांधताना?" चांगला प्रश्न. वहीत लिहायला लावला. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी द्यायची नसतात.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. या इमारतीला आजचं रूप मिळालं १८७९ मध्ये, जॉर्ज फ्रेडरिक बॉडले या इंग्रज वास्तुकारामुळे. दरम्यान १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली होती. मुलांना विचारलं, १८५१ ला रंगीत काच आणायची झाली तर कशी आणली असती? देशातली पहिली प्रवासी गाडीच १८५३ ची. "बैलगाडीनं," संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या घरातला एकजण म्हणाला, "अन् भुसा भरून." पॅकिंगमधलं ज्ञान.

याच बॉडलेनं पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलचा आराखडा केला. १९०७ च्या सप्टेंबरात त्याची कोनशिला बसली आणि ऑक्टोबरात बॉडले वारला. ती इमारत पूर्ण व्हायला १९९० उजाडलं. युरोपची उदाहरणंही सांगितली. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू झालं आणि मधे काही शतकं अर्धवट पडून १८८० मध्ये पुरं झालं, म्हणजे आपल्या सदरच्या कामानंतर एक वर्षानं. नोत्र दाम २०१९ च्या आगीत होरपळलं आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. आगीचा व्हिडिओ निम्म्या वर्गानं पाहिलेला होता. जुनं दिसतं ते जुनंच असतं असं नाही, हे पोरांना मला फार सांगावं लागलं नाही. ही टोकदार कमान १८७९ मध्येही जुन्याची हौस म्हणूनच बांधली गेली होती.

मग कमानीचा ताबा मॅडमनी घेतला. दोघांना समोरासमोर उभं केलं, तळहात तळहाताला लावले, पाय मागे सरकवत झुकायला सांगितलं. झाली कमान. जास्त झुकले तसे पाय मागे घसरू लागले. मग प्रत्येकाच्या टाचेमागे एकानं आपला बूट लावला, आणि कमान टिकली. तो मागचा बूट म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला टेकू. आता जरा सरळ उभं राहून तेच करा, म्हणजे टोकदार कमान. बाहेरचा रेटा कमी, भार बराचसा खाली. म्हणून भिंत पातळ चालते आणि खिडकी मोठी करता येते. पंधरा मिनिटांत सगळ्यांनी आळीपाळीनं कमान होऊन घेतलं. दोघं पडले, खरचटलं नाही. मजा नको का, या प्रश्नाचं उत्तर मॅडमनीच दिलं म्हणायचं.

निघताना आणखी दोन तारखा. १९०३ मध्ये नागपूरला अँग्लिकन बिशपचं पीठ झालं आणि आयर चॅटरटन पहिले बिशप आले. बिशपचं आसन जिथं, ते कॅथेड्रल. इमारत लहान की मोठी याचा संबंध नाही. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते इथंच, नागपुरात. भारतभर पसरलेल्या एका संस्थेचा जन्म आपल्या जिल्ह्यात झाला हे जिल्ह्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

१०.४५
सदरमधलंच दुसरं, सेंट फ्रान्सिस दि सेल्स कॅथेड्रल. "सर, पुन्हा चर्च?" हो, पुन्हा. पण हे कॅथलिकांचं. तिथं एक बिशप, इथं दुसरा. एकाच भागात दोघांची पीठं कशी, हे समजावताना मी गावातल्या दोन फडांचं नाव घेतलं नाही, पण पोरांनी घेतलं.

इथली वाट वेगळी आहे. इथं आलेले धर्मगुरू इंग्लंडचे नव्हते, फ्रान्समधल्या आन्सी गावाच्या बाजूचे. १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला उतरलेल्या या मिशनचा पसारा नागपूरपर्यंत आला. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. ज्या संताचं नाव या इमारतीला आहे, त्याला कॅथलिक चर्चनं लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता मानलं आहे. हस्ताक्षर गचाळ असलेल्या एकाला मी म्हटलं, बाबा, तू जरा जास्त वेळ बस इथं.

येशूजन्माची गव्हाणी मांडायचं काम चालू होतं. गाय, वासरू, कडबा. आमच्या पोरींनी कडब्याच्या मांडणीत दोन सुधारणा सुचवल्या आणि त्या मान्यही झाल्या.

१२.३०
डबे. झुणका, पोळी, ठेचा, लोणचं, एकाच्या डब्यात कालची भाजी. संत्र्यांच्या साली कॅरीबॅगेत. हजेरी ४३.

अजब बंगला जवळच होता. १८६३ चं संग्रहालय, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीत बुडून गेला. त्यानं जमवलेले दगड आणि टिपणं हा विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया. सांगण्यासारखं खूप आहे. पण चार म्हणजे चार. बसमधून बोट दाखवलं आणि पुढे गेलो.

दुपारी १.४५
झिरो माइल. चार घोडे, दगडी स्तंभ, आणि चाळीस सेल्फी. "हा भारताचा मध्य" असं पोरं पाठ करून आलेली. मी त्यांना घोड्यांपासून दूर नेऊन छोट्या दगडापाशी उभं केलं. त्यावर साल १९०७ आणि उंची: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. हा दगड मुळात उंचीचा आहे. देशभर पातळी मोजत फिरलेल्या सर्वेक्षण खात्याच्या लोकांची ही खूण. मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा बंदरांवर भरती-ओहोटी वर्षानुवर्षं नोंदवून समुद्राची सरासरी पातळी ठरवली, आणि तिथून पट्टी आणि दुर्बीण घेऊन माणसं चालत चालत आत आली.

"पॉइंट एक सात एक काहून?" गणितातला हुशार पोरगा. करा हिशोब. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा. शेकडो मैल लांबच्या समुद्रापासून मोजत यायचं आणि दगडावर तिसरा दशांश कोरायचा. ४३ पैकी कोणीच अजून समुद्र पाहिलेला नाही. ते थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. घोड्यांपेक्षा हे मला बरं वाटलं.

स्तंभाच्या पायावर गावांची अंतरं मैलांत आहेत. हैदराबाद ३१८, चांदा १२५, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. सगळ्यांनी आधी काटोल शोधलं. नाही. मग नरखेड. तेही नाही. बैतूल आपल्या बाजूचं, एवढ्यावर समाधान मानलं.

वर सीताबर्डीचा किल्ला दिसत होता. लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. सकाळची १८१७ ची गोष्ट तिथंच घडली, हे खालूनच दाखवलं.

३.१५
दीक्षाभूमी. इथं मी गप्प. वर्गातली सात-आठ मुलं दरवर्षी अशोक विजयादशमीला घरच्यांबरोबर इथं येतात, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. एका मुलीनं बावीस प्रतिज्ञांच्या स्तंभापाशी नेऊन तीन मैत्रिणींना त्या वाचायला लावल्या. तिची आजी त्या दिवशी इथं होती म्हणे, पोटुशी. सकाळपासून न बोललेली ही पोरगी पंधरा मिनिटं बोलत होती.

स्तूपाचं काम शिवदान मल यांच्या आराखड्यावर झालं, उद्घाटन २००१ चं. सांचीचा स्तूप भरीव. हा आतून पोकळ. त्यामुळे सकाळी कमानी होऊन पडलेले दोघं आत गेल्या गेल्या वर पाहू लागले. "सर, याचा रेटा कुठं जाते?" मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तूच सांग." तो सांगू लागला, चारही बाजूंनी, गोल गोल. अर्धं बरोबर होतं.

५.००
परतीचा रस्ता. रात्र करायची नाही असा दंडक, म्हणून बर्डीवर उतरून खरेदीची मागणी फेटाळली. थोडी नाराजी. संत्रा बर्फीचा एक डबा फिरवला, नाराजी संपली.

६.४०
काटोलच्या पुढे, अंधारात, मागच्या सीटवरून हाक. "सर, थो आकडा नरखेडच्या टेशनावर बी हाय." कोणता आकडा? "समुद्रापासून उंचीचा. पिवळ्या पाटीवर, खाली बारीक लिवलेला. वरुडले मामाकडे जाताना मी रोज पायतो." रोज म्हणजे वर्षातून दोनदा, पण मुद्दा खरा होता. रेल्वेच्या पाट्यांवर ती उंची असतेच. बसभर कल्ला. नरखेड झिरो माइलपेक्षा उंच की खाली? पैजा लागल्या, संत्र्यांच्या.

७.२०
शाळा. पालक शेकोटीपाशी. एकेक पोर यादीवर सही घेऊन ताब्यात दिलं. ४३. ड्रायव्हरकाकांना चहा, डिझेलच्या नोंदीवर सही, खर्चाच्या पावत्या पाकिटात. मुख्याध्यापकांचा फोन आला, पुढच्या वर्षी वॉटर पार्कचं बघा म्हणून पालक म्हणतात. बघू म्हटलं.

नरखेडला राहणाऱ्या दोघांना काम दिलं आहे: सकाळी शाळेत येताना स्टेशनच्या पाटीवरचा आकडा वहीत उतरवून आणायचा. मीटरमध्ये असेल तर त्याचे फूट करायचे, त्यातून १०२०.१७१ वजा करायचे. उद्या शनिवार, सकाळची शाळा. पहिला तास माझाच आहे.